तीस फुटांची गाडी, सत्तावीस फुटांची जागा

आरव्ही म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. ती घेऊन आमची पहिली सहल कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला झाली. आई-बाबा पुण्याहून आले होते, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सहा माणसांना ऐसपैस हवं म्हणून तीस फुटांची गाडी आधी भाड्याने ठरवून टाकली आणि मग जागा शोधायला बसलो. तोवर कॅम्पग्राउंडमध्ये गाडी लावायच्या ज्या जागा, म्हणजे साइट, उरल्या होत्या त्यांवर लिहिलं होतं: गाडीची कमाल लांबी २७ फूट. बुकिंगच्या फॉर्मात गाडीची लांबी विचारली, तेव्हा मी बेधडक २७ लिहिलं. म्हटलं, तीन फुटांनी काय होतंय!

काय होतंय ते जुलैतल्या एका संध्याकाळी कळलं. मागे पाइनचं झाड, बाजूला खाणं अस्वलांपासून जपायची लोखंडी पेटी आणि गाडीचं नाक रस्त्यावर. बाबा मागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करत होते, ते एकदम "बास!" म्हणून ओरडले. उतरून पाहिलं तर गाडीची मागची शिडी आणि झाड यांच्यात चार बोटं अंतर होतं. पलीकडे ३५ फुटांच्या जागेवर छोटी कॅम्पर व्हॅन घेऊन एक वयस्कर जोडपं उतरलं होतं. आमचा तमाशा बघून त्यांनीच अदलाबदल सुचवली, रेंजरनेही हो म्हटलं, म्हणून निभावलं. एरवी रात्री साडेआठ वाजता आई-बाबांना घेऊन कुठे गेलो असतो कोण जाणे.

अमेरिकेत नव्याने आलेली, पहिल्यांदाच आरव्ही घेऊन निघणारी बहुतेक आपली मंडळी हीच चूक करतात: आधी गाडी, मग जागा. गाड्या पैसे टाकले की मिळतात. लोकप्रिय नॅशनल पार्कमधली जागा पैसे टाकूनही मिळत नाही. तेव्हा आधी जागा पक्की करा आणि तिच्यात मावेल अशी गाडी घ्या.

जागा म्हणजे नक्की काय मिळतं

नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये साइट म्हणजे बऱ्याचदा डांबराचा किंवा खडीचा एक पट्टा, एक बाकडं-टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असते तिला हुकअप म्हणतात. तिन्ही असल्या तर फुल हुकअप. खासगी आरव्ही पार्कात हे सगळं गृहीत धरतात, नॅशनल पार्कात मात्र ते अपवादानेच आढळतं.

हुकअप नसेल तर गाडीतल्या टाकीतलं पाणी, गाडीतली बॅटरी आणि जनरेटर यांवर भागवायचं. दोन रात्री आरामात निघतात, फक्त भांडी घासताना नळ उघडा सोडायची सवय घरी ठेवून यायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री झोपेत श्वासाला मदत करणारं सीपॅप मशीन लागत असेल, किंवा वाळवंटात भर उन्हाळ्यात एसी हवाच असेल, तर हुकअप असलेली साइटच शोधा. एरवी हुकअपचा हट्ट धरू नका. त्यापायी पार्कातल्या सगळ्यात सुंदर जागा सोडून द्याव्या लागतात.

कुठे काय आहे

योसेमिटीत एकाही कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही. दरीतली तीन ठिकाणं म्हणजे अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. अपर पाइन्सला मोटारहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, जास्तीत जास्त ३५ फूट चालते, पण गाडीमागे ओढायचा ट्रेलर असेल तर २४ फूटच. आणि ही झाली कॅम्पग्राउंडची मर्यादा, प्रत्येक साइटची वेगळी असते, ती आमच्यासारखी २७ निघू शकते. जनरेटर दिवसातून तीनदाच चालवता येतो: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७.

ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर, दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. मॅदर कॅम्पग्राउंड सरकारी, झाडीतलं, स्वस्त, विनाहुकअप. गाडी ३० फुटांपर्यंत. ट्रेलर व्हिलेज हे पार्काच्या हद्दीतच पण खासगी कंत्राटदाराकडे. फुल हुकअप, ५० फुटांपर्यंतच्या गाडीला जागा, आणि एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, म्हणजे रिव्हर्स घ्यायची भानगड नाही. दिसायला ते पार्किंग लॉटसारखं आहे हे खरं. पण पहिलीच सहल असेल आणि बरोबर सासू-सासरे असतील, तर मी डोळे मिटून ट्रेलर व्हिलेज घेईन. तिथून पार्काची मोफत शटल बस कड्यापर्यंत नेते, गाडी जागची हलवावी लागत नाही.

यलोस्टोनमध्ये फुल हुकअप फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला. तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा असल्यामुळे तिथे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या पॉप-अप ट्रेलरला परवानगी नाही, पक्क्या भिंतींची गाडीच हवी. फिशिंग ब्रिजसकट मॅडिसन, कॅनियन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे ही मोठी कॅम्पग्राउंड एका खासगी कंत्राटदाराकडे आहेत आणि त्यांचं बुकिंग त्याच्या स्वतंत्र वेबसाइटवर होतं. यलोस्टोनचं पान बुकिंगच्या सरकारी वेबसाइटवर शोधून "इतकीच कॅम्पग्राउंड?" असं वाटलं, तर कारण हे. दक्षिणेला जवळच असलेल्या ग्रँड टीटन पार्कमध्ये कोल्टर बे आरव्ही पार्कलाही फुल हुकअप आहे.

युटा राज्यातल्या झायन पार्कमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडच्या ए आणि बी लूपमध्ये, म्हणजे साइटच्या त्या दोन गटांमध्ये, विजेची जोडणी मिळते. जनरेटरला तिथे पूर्ण बंदी आहे, त्यामुळे दुसऱ्या लूपमध्ये उतरलात तर बॅटरी संपेपर्यंतच दिवे.

बाकी धावती नोंद: डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला आणि टेक्सासच्या बिग बेंडमध्ये रिओ ग्रांदे व्हिलेजला फुल हुकअप आहेत, पण मोजकेच. मेन राज्यातल्या अकेडियात स्कूडिक वुड्सला वीज मिळते.

फुटांचं गणित

गाडीची लांबी म्हणजे बंपरपासून बंपरपर्यंत, आणि त्यात मागची शिडी, सायकल अडकवायची चौकट, सगळं धरायचं. ट्रेलर असेल तर पुढचा जोडदांडाही मोजायचा. भाड्याने देणारे "पंचवीस फुटी" म्हणतात ती गाडी प्रत्यक्षात फूट-दोन फूट मोठी भरू शकते. फोनवर नेमका आकडा विचारा, आणि शक्य असेल तर गाडी ताब्यात घेताना टेपने मोजा. तिथले लोक हसले तर हसू देत.

माझा अनुभव असा की २५ फुटांच्या आतली गाडी घेतली तर जुन्या पार्कांमधल्या साइट भराभर खुल्या होतात. यातली बरीच कॅम्पग्राउंड आजच्या अजस्र गाड्या येण्याच्या कितीतरी आधी आखलेली आहेत. सहा माणसं २५ फुटांत दाटीवाटीने झोपतात, पण झोपतात.

रस्त्यांचीही मोजमापं असतात आणि तिथे कोणी अदलाबदल करायला येत नाही. ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. भाड्याची जवळजवळ कुठलीही आरव्ही त्यात बसत नाही. तेव्हा तिथे आरव्ही कॅम्पग्राउंडला लावून शटलने किंवा भाड्याच्या छोट्या कारने जायचं. झायनचा १९३० साली बांधून झालेला माउंट कार्मेल बोगदा ११ फूट ४ इंच उंचीच्या किंवा ७ फूट १० इंच रुंदीच्या वरच्या गाड्यांसाठी अवघड. बरीच वर्षं १५ डॉलरचं परमिट काढलं की समोरची वाहतूक थांबवून सोडत असत. पण २०२६च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना बोगदाच बंद करायचं पार्काने जाहीर केलं आहे. भाड्याच्या बहुतेक क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या गाड्या या मापापेक्षा मोठ्याच असतात. झायनहून ब्राइस कॅनियनला जाणार असाल तर वळसा आधीच नकाशावर बघून ठेवा.

बुकिंगची सकाळ

सरकारी कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर होतं. झायनचं वॉचमन किंवा ग्रँड कॅनियनचं मॅदर यांच्या तारखा सहा महिने आधी, रोज एकेक दिवस पुढे सरकत खुल्या होतात. योसेमिटीच्या दरीची पद्धत निराळी: दर महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेने सकाळी ७ वाजता एक अख्खा महिना खुला होतो. म्हणजे १५ मे ते १४ जून या काळात पोचायचं असेल तर १५ जानेवारीला सकाळी सातच्या ठोक्याला तयार हवं. सात वाजून पाच मिनिटांनी उठलात तर चहा पिऊन परत झोपा.

आदल्या रात्री करायची कामं अशी. खातं उघडून त्यात कार्डाचा नंबर भरून ठेवा. कॅम्पग्राउंडच्या नकाशावर तुमच्या गाडीच्या लांबीत बसणाऱ्या निदान आठ-दहा साइट हेरून त्यांचे नंबर कागदावर लिहा. प्रत्येक साइटच्या पानावर खाली बारीक माहिती असते: कमाल लांबी किती, रिव्हर्स घ्यावा लागतो की आरपार जाता येतं, उतार किती, सावली आहे का, विजेची जोडणी ३० अँपियरची की ५०. फोटोंवरून भुलू नका, फोटो बहुधा दुपारी बाराला रिकाम्या जागेचे काढलेले असतात. आणि संडासापासून फार जवळची साइट नको. रात्रभर दार आपटण्याचा आवाज येतो, शिवाय सगळं कॅम्पग्राउंड तुमच्या टेबलाशेजारून टूथब्रश घेऊन जातं.

सकाळी पाच मिनिटं आधी लॉगइन करून तारखा टाकून बसा. साइट कार्टमध्ये पडली की ती १५ मिनिटं तुमची, तेवढ्यात पैसे भरायचे. दोघांनी दोन लॅपटॉपवर वेगवेगळे नंबर धरून बसावं. आमच्याकडे तिसरा गडीही असतो. कॅलिफोर्नियातले सकाळचे ७ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि जानेवारीत साडेआठ, त्यामुळे माझा मावसभाऊ ऑफिसातून येऊन माझ्या खात्यातून बसतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं की बुकिंग माझ्याच नावाने कर. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर ज्याच्या नावाचं बुकिंग त्याचं ओळखपत्र बघतात, आणि पुण्यातला मावसभाऊ तिथे उभा करता येत नाही.

माणसांची संख्या खरी टाका. योसेमिटीत एका साइटवर सहाच माणसं, आणि त्यात तान्हं मूलही मोजतात. दोन कुटुंबं मिळून आठ जण असाल तर दोन साइट घ्याव्या लागतील.

पैसे

योसेमिटीच्या दरीत साइटचं भाडं रात्रीला ३६ डॉलर आहे. कंत्राटदाराकडच्या हुकअपच्या साइट याच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतात, आणि वर कर. एका रात्रीच्या मोटेलशी तुलना केली तर तेही महाग नाही, पण गाडीचं भाडं, मैलांचा आकार आणि पेट्रोल वेगळं असतं हे विसरू नका. मोठी आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल देते.

साइटच्या भाड्यात पार्काचं प्रवेशशुल्क धरलेलं नसतं. योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅनियन, झायन या सगळ्यांचं एका गाडीमागे ३५ डॉलर. वर्षात तीन पार्क होणार असतील तर ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यायचा. मात्र १ जानेवारी २०२६पासून हा ८० डॉलरचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांपुरता आहे; बाहेरून येणाऱ्यांसाठी तोच पास २५० डॉलरचा. शिवाय खूप गर्दीच्या ठरावीक ११ पार्कांमध्ये वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांकडून, वय १६ आणि पुढे, माणशी १०० डॉलर जादा घेतात. योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅनियन, झायन, ग्लेशियर, ग्रँड टीटन हे सगळे त्या अकरांत आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर निघण्याआधी त्या पार्काच्या पानावर हा नियम नीट वाचा. दारावर हुज्जत घालून उपयोग होत नाही, मागे आरव्हींची रांग लागलेली असते.

याउलट आई-वडिलांकडे ग्रीनकार्ड असेल आणि वय ६२ किंवा त्यापुढे असेल, तर त्यांच्या नावाने सीनियर पास काढा. वर्षाचा २० डॉलर, आयुष्यभराचा ८०. या पासावर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये साइटचं भाडं निम्मं होतं. हुकअपच्या पैशांवर आणि कंत्राटदारांच्या जागांवर ही सवलत मिळेलच असं नाही. बुकिंग करताना पासाचा नंबर टाकायचा आणि पोचल्यावर पास दाखवायचा. पासधारक स्वतः बरोबर राहायला हवा, आजोबांना घरी ठेवून त्यांचा पास नेता येत नाही.

आता रद्द करण्याचं. रिक्रिएशन डॉट गव्हवर वेळेत रद्द केलं तर १० डॉलर कापतात. पोचायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलं तर १० डॉलर अधिक पहिल्या रात्रीचं भाडं. काहीच न कळवता गेलाच नाहीत तर २० डॉलर अधिक पहिली रात्र. योसेमिटीच्या तीन रात्रींचे १०८ डॉलर भरले असतील, तर वेळेत रद्द केल्यावर ९८ परत येतात आणि उशिरा केल्यावर ६२. यात एक बारकी मेख आहे: "आदला दिवस" पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे सुरू होतो. कॅलिफोर्नियात शुक्रवारी पोचणार असाल, तर बुधवारी रात्री ९च्या आत रद्द करायला हवं. मी हे ३६ डॉलर देऊन शिकलो.

काही कॅम्पग्राउंड अजूनही आधी येईल त्याला जागा या तत्त्वावर चालतात. तिथे रिकामी साइट बघून गाडी लावायची, प्रवेशाजवळच्या खोक्यातून पाकीट घ्यायचं, त्यात पैसे घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचं आणि पाकिटाची फाडलेली चिठ्ठी साइटच्या खांबाला लावायची. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण नळकांडं मोड देत नाही. आता बऱ्याच ठिकाणी तिथे क्यूआर कोड लावलेला असतो आणि रिक्रिएशन डॉट गव्हच्या अ‍ॅपमधून पैसे भरता येतात. अ‍ॅप घरूनच उतरवून घ्या, तिथे नेटवर्क मिळालं तर नशीब. उलट काही पार्कांनी रोख घेणंच बंद केलं आहे, म्हणून कार्डही हवं.

जागा हुकली तर

लगेच नाद सोडू नका. दंड टाळायला लोक पोचायच्या तारखेच्या दोन ते पाच दिवस आधी भराभर रद्द करतात. हव्या त्या तारखांना रिक्रिएशन डॉट गव्हवर सूचना लावून ठेवली की जागा मोकळी झाल्यावर ईमेल येते, आणि ती फुकट आहे. ईमेल शेकडो जणांना एकदमच जाते, तेव्हा हातातली पोळी तव्यावर टाकून फोन उचलायचा. रविवार ते गुरुवार या रात्री शुक्रवार-शनिवारपेक्षा खूप सहज मिळतात. तीन रात्री एकाच साइटवर मिळत नसतील तर दोन साइट जोडून घ्या. आरव्हीत सामान बांधावं लागत नाही, फक्त गाडी हलवायची.

तेही नाही जमलं तर पार्काबाहेर बघा. झायनसाठी स्प्रिंगडेल, ग्रँड कॅनियनसाठी टुसायान, यलोस्टोनसाठी वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर अशी दारातली गावं आहेत, तिथे खासगी आरव्ही पार्क आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. तिथे पाणी नाही, संडास नाही, शेजारी नाही. पहिल्या सहलीला लहान मुलांसह मी ते सुचवणार नाही.

पोचल्यावर

उजेड असताना पोचा. मागे एक माणूस उभा करा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की थांबा. ३० अँपियरची जोडणी म्हणजे साधारण ३६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावलीत तर खटका पडणारच. एसी बंद करून चहा करा, मग एसी लावा. आरव्हीच्या शेगडीवर फोडणी दिली की धुराचा अलार्म गाडी दणाणून सोडतो, हे आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी मोहरी तडतडल्याबरोबर सिद्ध झालं. खिडकी उघडा, छताचा पंखा लावा, किंवा सरळ बाहेर टेबलावर छोट्या स्टोव्हवर फोडणी करा. तिचा वास अस्वलांपर्यंत जातो, म्हणून उरलेलं अन्न, मसाल्याचा डबा, अगदी टूथपेस्टसुद्धा पेटीत किंवा खिडक्या-दारं लावलेल्या गाडीत गेली पाहिजे. रात्री दहानंतर शांतता.

निघायच्या सकाळी डंप स्टेशनला, म्हणजे गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी जायचं. योसेमिटीत ते अपर पाइन्सजवळ आहे, रविवारी दहानंतर तिथे रांग लागते, म्हणून आम्ही साडेसातला जातो. रबरी हातमोजे घाला. जाड नळी आधी जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवा, मग गाडीला जोडा. पहिल्यांदा संडासाची टाकी रिकामी करायची, ती झाली की बेसिन-शॉवरच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. उलट क्रमाने केलंत तर ती नळी तुम्हाला तशीच गुंडाळून गाडीच्या पोटात ठेवावी लागेल. प्यायचं पाणी भरायचा नळ वेगळा असतो, त्याला ही नळी चुकूनही लावू नका. आमच्याकडे हे काम बाबांनी स्वतःहून मागून घेतलं आणि परत पुण्याला गेल्यावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच आहे, योसेमिटीचा प्रसिद्ध हाफ डोम कडा दुसऱ्या नंबरला.